भोजनातील ‘नको’ : स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतरचे बाहेरचे जेवण

मराठी माणसाच्या पंक्तीत उच्चारला जाणारा पहिला ‘नको’ हा बहुधा नकार नसतो. वाढणारा तो नकार म्हणून ऐकत नाही, आणि जेवणाराही तो तशा निश्चयाने उच्चारीत नाही. यजमान ‘घ्या ना’ म्हणतो; पाहुणा ‘नको, पुरे’ म्हणतो; यजमान ‘संकोच करू नका’ म्हणतो; आणि अखेरीस ‘बरं, अगदी थोडंसं’ या शब्दांनी हा संवाद उभयपक्षी समाधानाने संपतो. या संवादातील प्रत्येकाचे पाऊल ठरलेले आहे आणि ते कोणालाही शिकवावे लागत नाही.

परंतु ज्याच्या जठराचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आला आहे, त्याचा पहिला ‘नको’ हाच अखेरचा असतो. त्यानंतरचे ‘थोडंसं’ म्हणजे त्याच्या दृष्टीने छातीतील कळ, मळमळ आणि क्वचित भर उपाहारगृहात उलटी. स्थूलतेवरील शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला घराबाहेर जेवताना जो मानसिक ताण जाणवतो, त्याचा विचार आजवर वैद्यक, आहारशास्त्र आणि मानसशास्त्र या शास्त्रांनी केला आहे. त्या ताणाचा एक मोठा अंश भाषेत दडलेला आहे, हे दाखविणे आणि त्यावर भाषेतच कोणते उपाय उपलब्ध आहेत याची चर्चा करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी भिवंडी हे शहर घेतले आहे. कारण एकाच टेबलाभोवती चार भाषा आणि चार प्रकारचे आग्रह ऐकू येण्याचा संभव तेथे जितका आहे, तितका फार थोड्या गावांत असेल.

१. शस्त्रक्रियेने काय बदलते

या शस्त्रक्रियांचा इतिहास फार जुना नाही. जठराचा एक लहान कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्यास जोडण्याची पद्धत अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली प्रथम अवलंबिली. पुढे तीत पुष्कळ सुधारणा झाल्या. आज अधिक प्रचारात असलेल्या दुसऱ्या पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग उभा कापून काढतात आणि बाहीसारखी अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात. महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया आता अपरिचित राहिलेली नाही. २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत ती करून घेतल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले, तेव्हापासून ‘वजन कमी करायचं ऑपरेशन’ हा शब्दप्रयोग सामान्य बोलण्यातही रूढ होत गेला.

शस्त्रक्रियेनंतर जठरात एका वेळी मावणारे अन्न फार थोडे असते; दुसऱ्या पद्धतीत ते प्रारंभी एखाद्या लहान वाटीइतके, पहिल्या पद्धतीत त्याहूनही कमी. काढून टाकलेल्या भागातच भुकेची जाणीव करून देणारे एक संप्रेरक मुख्यतः तयार होते. ‘घ्रेलिन’ हे त्याचे नाव; १९९९ साली जपानी संशोधकांनी त्याचा शोध लावला. तो भाग गेल्यामुळे अनेकांची भूकही काही काळ मंदावते. प्रारंभीचे काही आठवडे द्रव, मग पातळ व मऊ आहार, आणि त्यानंतरच नेहमीचे अन्न, असा क्रम असतो. पुढेही नियम सुटत नाहीत : घास लहान घ्यावा, फार चावावा, जेवणास वीस ते तीस मिनिटे द्यावीत, जेवताना व त्यानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये, आणि प्रथिनयुक्त पदार्थ आधी खावा. आतड्याची जोडणी बदललेली असल्यास गोड पदार्थ झपाट्याने पुढे सरकतात आणि छाती धडधडणे, घाम फुटणे, पोटात मुरडा येणे असे विकार उद्भवतात.

ही सर्व पथ्ये घरी पाळता येतात. उपाहारगृहात मात्र प्लेटचे आकारमान पूर्वीचेच असते, सोबत्यांच्या अपेक्षा पूर्वीच्याच असतात आणि जेवणाऱ्याच्या मनातील स्वतःची प्रतिमाही पूर्वीचीच असते. बदललेले असते ते एक जठर, आणि ते कोणालाही दिसत नाही.

२. भिवंडीचे टेबल

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सात लाखांहून अधिक नोंदली गेली. जुने कोकणी मुसलमान, भोवतालच्या गावांतील आगरी, कोळी व कुणबी, तेलंगणातून आलेले तेलुगुभाषी पद्मशाली, उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले कामगार आणि कापडाचा व्यापार करणारे गुजराती व मारवाडी अशा अनेक समाजांची येथे वस्ती आहे. यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करणारा एकटा कामगार ज्या खाणावळीत महिन्याचे पैसे भरून दोन वेळ जेवतो, तिला येथे ‘भिस्सी’ म्हणतात; पैशांची जी ‘भिशी’ मराठी वाचकाच्या परिचयाची आहे, तिच्याशी या शब्दाचा घोटाळा करू नये. भिस्सीतील जेवणाचे माप एकच : पोटभर. जेथे शरीरश्रमावर पोट चालते, तेथे कमी खाणारा मनुष्य एक तर आजारी असतो किंवा रुसलेला.

याच शहरात बिर्याणीची हॉटेले आहेत, मुंबई-नाशिक महामार्गावर कुटुंबांनी गजबजणारे ढाबे आहेत. (मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे प्रथम खाण्याचे ठिकाण, मुक्कामाची जागा हा अर्थ नंतरचा.) व्यापाराचा सौदा पुरा झाला, मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला, गावाकडून पाहुणे आले, की मंडळी हॉटेलात जातात. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्याने बाहेरचे जेवण सर्वस्वी टाळणे म्हणजे या सर्व प्रसंगांतून स्वतःस वजा करणे होय. पुष्कळ जण प्रारंभी तेच करतात. ‘तुम्ही जाऊन या’ हे वाक्य वरवर साधे आहे. परंतु ते वारंवार उच्चारले जाऊ लागले, की घरातील माणसांनी त्याकडे लक्ष द्यावयास हवे. या वाक्यातून एकाकीपणाची सुरुवात होते.

३. आग्रहाचे व्याकरण

ब्रॉनिस्लॉ मॅलिनॉव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली असे दाखवून दिले, की माणसाच्या बोलण्याचा पुष्कळसा भाग माहिती देण्यासाठी नसून नाते जोडून ठेवण्यासाठी असतो. ‘जेवलात का?’ हा मराठी प्रश्न त्याचे उत्तम उदाहरण आहे. विचारणाऱ्यास समोरच्याच्या आहाराची चौकशी करावयाची नसते. तो आपुलकीची नोंद करीत असतो. पुढे जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतून शब्द हे काही सांगण्याबरोबर काही करतातही, हा विचार भाषाभ्यासात रुजला. त्या दृष्टीने ‘अजून एक घ्या’ हे वाक्य पोळीविषयीचे नाही. ते स्नेह देऊ करण्याचे कृत्य आहे. म्हणूनच ‘नको’ हा शब्द पोळीबरोबर स्नेहही नाकारतो की काय, अशी शंका उत्पन्न होते, आणि ती टाळण्यासाठी पाहुणा अखेर ‘थोडंसं’ घेतो.

भिवंडीतील भाषांची तुलना केली असता एक उद्बोधक साम्य आढळते. पाहुण्याने नकार दिला असता मराठी यजमान ‘संकोच करू नका’ म्हणतो. उर्दू वा हिंदी बोलणारा ‘तकल्लुफ न कीजिए’ म्हणतो. गुजराती गृहिणी ‘शरमाशो नहीं’ म्हणते, तर तेलुगुभाषी ‘मोहमाट पडकंडि’ म्हणतो. चारही वाक्यांचा आशय एकच : तुम्ही लाजत आहात, लाजू नका. म्हणजे या चारही भाषा असे गृहीत धरतात, की नकार देणाऱ्याचे पोट भरलेले नाही, त्याला केवळ भीड पडली आहे. नकाराचे कारण यजमान स्वतःच पुरवितो आणि लगेच त्याचे निवारणही करतो. खऱ्याखुऱ्या नकाराला या रचनेत जागाच उरत नाही.

शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीच्या संतापाचे आणि अपराधी भावनेचे एक मूळ येथे आहे. तिला वाटते, ‘मी इतके स्पष्ट सांगूनही कोणी ऐकत नाही.’ सोबत्यांना वाटते, ‘आम्ही इतक्या प्रेमाने म्हणतो, तरी हा तोडून बोलतो.’ दोघेही खरे बोलत असतात. फक्त ‘नको’ या एकाच शब्दाचे दोघांचे अर्थ भिन्न असतात. आपला नकार ऐकला जात नाही याचे कारण सोबत्यांचा दुष्टावा नसून संभाषणाची जुनी घडण आहे, एवढे उमगले तरी मनातील कडवटपणा बराच ओसरतो.

४. पोट भरणे आणि मन भरणे

मराठीत पोट हा केवळ अन्नाचा कोठा नाही. भीती वाटली की पोटात गोळा येतो, हेवा वाटला की पोट दुखते, अपराध पोटात घातला जातो, गुपित पोटात ठेवले जाते, तळमळीने बोलणारा पोटतिडकीने बोलतो आणि काटकसर करणारा पोटाला चिमटा घेतो. भावनांचे इतके मोठे बिऱ्हाड ज्या अवयवात भाषेने थाटून दिले आहे, तो लहान केल्यावर माणसाच्या मनात उलथापालथ व्हावी, यात नवल नाही.

परंतु हीच भाषा एक मोलाचा भेदही करते. पोट भरणे वेगळे आणि मन भरणे वेगळे. ‘पोट भरलं, पण मन भरलं नाही’ असे आपण आंब्याच्या दिवसांत सहज म्हणतो. शस्त्रक्रियेपूर्वी ही दोन्ही भरणी बहुधा मागेपुढे होत असत. नंतर पोट चौथ्या-पाचव्या घासाला भरते आणि मन मात्र टेबलावरील बिर्याणीच्या वाफेकडे पाहत राहते. त्या क्षणी जे वाटते त्याला भूक म्हणणे चूक आहे. त्याला वियोग म्हणणे अधिक यथार्थ. वर्षानुवर्षे दुःखात, आनंदात आणि कंटाळ्यात जे सोबतीला होते, ते समोर असूनही पूर्वीसारखे जवळ करता येत नाही. स्थूल व्यक्तीच्या बाबतीत हा शोक लोकांना हास्यास्पद वाटतो, म्हणून तो बोलून दाखविला जात नाही, आणि न बोललेला शोक दीर्घकाळ टिकतो.

या जाणिवेला योग्य नाव देणे ही पहिली पायरी होय. ‘मला भूक लागली आहे’ असे स्वतःशी म्हटले की हात ताटाकडे जातो. ‘माझे पोट भरले आहे, मन भरावयाचे आहे’ असे म्हटले की मन कशाने भरेल याचा शोध सुरू होतो. पदार्थाचा वास, पहिल्या दोन घासांची सावकाश घेतलेली चव, समोरच्याची हकिकत आणि पंक्तीत बसल्याचे सुख यांनीही मन भरते. जेवणास अर्धा तास द्यावा हा वैद्यकीय नियम येथे उपयोगी पडतो. इतरांचे जेवण संपेपर्यंत आपला चमचा हलता राहिला, तर रित्या हाताने बसल्याचे वैषम्य वाटत नाही.

एक इशारा मात्र येथे आवश्यक आहे. अन्नाने भरत नाही ते मन मद्याने भरण्याचा मोह काहींना होतो. विशेषतः आतड्याची जोडणी बदलणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर मद्य रक्तात फार वेगाने मिसळते. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मद्याच्या अनिष्ट सवयींचे प्रमाण वाढलेले आढळले, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात नमूद आहे. उदासी दीर्घकाळ टिकली, जगणे नकोसे वाटू लागले किंवा खाऊन मुद्दाम उलटी करण्याकडे कल होऊ लागला, तर तो प्रश्न शब्दांनी सुटण्याजोगा राहत नाही. शल्यचिकित्सकाच्या पथकाचा व मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला विनाविलंब घ्यावा.

५. उष्टे, उरलेले आणि बांधून दिलेले

महामार्गावरील एखाद्या हॉटेलातील दृश्य कल्पावे. कुटुंब जेवून उठण्याच्या बेतात आहे. एका प्लेटमधील बहुतेक अन्न तसेच आहे. वेटर विचारतो, ‘सेठ, खाना पसंद नहीं आया क्या?’ प्रश्न व्यावसायिक सौजन्याचा असतो, परंतु शेजारच्या टेबलावरील दोन माना वळतात. ज्याने आयुष्यभर जास्त खाल्ल्याबद्दल नजरा झेलल्या, तोच आता कमी खाल्ल्याबद्दल नजरा झेलतो. त्यात ‘खाऊन माजावे, पण टाकून माजू नये’ हा लहानपणापासूनचा संस्कार मनाला टोचत असतो. पुष्कळदा माणूस या टोचणीपायी दोन घास अधिक खातो आणि त्याची शिक्षा भोगतो.

हा पेच सोडविण्यास मराठीतील शब्दभेदच उपयोगी पडतो. ताटात तोंड लागलेले ते ‘उष्टे’. न लागलेले ते ‘उरलेले’. आणि घरी न्यावयाचे ते ‘बांधून दिलेले’. तिन्ही वेळा पदार्थ एकच, पण त्यांची सामाजिक प्रतिष्ठा भिन्न. तेव्हा प्लेट समोर येताच, पहिला घास घेण्यापूर्वी, आपला वाटा एका छोट्या वाटीत काढून घ्यावा आणि उरलेली प्लेट मध्यभागी सरकवावी. ती उष्टी होत नाही. सोबत्यांपैकी कोणीही ती घेऊ शकतो किंवा ती पार्सल होऊ शकते. वेटरच्या प्रश्नास ‘छान आहे, बांधून द्या’ एवढे उत्तर पुरते. त्यात नकार नाही, तक्रार नाही आणि खुलासाही नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की कमी मागण्याची प्रतिष्ठित भाषा हॉटेलांत पूर्वीपासून आहे. ‘कटिंग’ मागणाऱ्याला कोणी आजारी समजत नाही. ‘वन बाय टू’ सूप मागणारे दोघे कंजूष ठरत नाहीत. ‘हाफ प्लेट’ हा तर फलकावर लिहिलेला शब्द आहे. घरच्या पंक्तीत अर्धे मागणे कठीण; हॉटेलात ते रूढ आहे. या दृष्टीने पाहिले असता, ज्या हॉटेलची शस्त्रक्रिया झालेल्यास धास्ती वाटते, तेथे शब्दांची सोय यजमानाच्या घरापेक्षा अधिक आहे. पाश्चात्त्य देशांत काही शस्त्रक्रिया केंद्रे रुग्णास लहान प्लेट मिळावी म्हणून एक छोटे पत्रक देतात. आपल्याकडे अनोळखी वेटरपुढे आपला रोग मांडणारा कागद ठेवण्यापेक्षा ‘एक हाफ’ हे दोन शब्द अधिक सुटसुटीत होत. न मोजता वाढत राहणाऱ्या थाळीच्या हॉटेलात मात्र ही सोय नसते. तेथे जाणे प्रारंभी टाळलेले बरे.

६. पथ्य

सोबत्यांच्या आग्रहाला उत्तर देण्याचे तीन मार्ग संभवतात. पहिला सबबीचा : ‘आत्ताच खाऊन आलो.’ हा एकदा चालतो. पुन्हा पुन्हा वापरला की मनात खोटेपणाची सल राहते. दुसरा सर्व काही उघड सांगण्याचा. निकटच्या माणसांपुढे हाच श्रेयस्कर. परंतु व्यापारी ओळखीच्या मेजवानीत शस्त्रक्रियेची कथा सांगितली, की उरलेला वेळ तिच्यावरच जातो आणि ‘चालून-फिरून कमी झालं नसतं का?’ हा अनाहूत प्रश्नही येतो. आपली वैद्यकीय हकिकत कोणास सांगावयाची, हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे.

तिसरा मार्ग एका शब्दाचा आहे : ‘पथ्य’. ‘मला पथ्य आहे’ असे म्हटले, की मराठी यजमानाचा हात थबकतो. आग्रहाच्या संपूर्ण यंत्रणेला थांबविणारे जे थोडे शब्द भाषेत आहेत, त्यांत उपवास आणि पथ्य हे प्रमुख. दोन्हींत नकाराची जबाबदारी जेवणाऱ्याच्या इच्छेवर न राहता एका नियमावर जाते. म्हणून यजमानाचा स्नेह नाकारला जात नाही. ‘पथ्य’ हा शब्द संस्कृतातील मार्गवाचक शब्दापासून आलेला. मार्गाला अनुसरून असलेले, म्हणून हितकर, ते पथ्य. तेलुगूत तोच शब्द ‘पथ्यम्’ या रूपात आहे. हिंदी-उर्दूत फारसीतून आलेला ‘परहेज’ आहे आणि गुजरातीत ‘परेजी’. ज्या चार भाषा ‘लाजू नका’ असे म्हणून नकार पुसून टाकतात, त्याच चारही भाषांनी खऱ्या नकारासाठी एक दार उघडे ठेवले आहे, ही गोष्ट भिवंडीच्या टेबलाभोवती बसणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मात्र या शब्दापाठोपाठ एक प्रश्न येतोच : ‘किती दिवस?’ पथ्य हे लोकांच्या कल्पनेत तात्पुरते असते. शस्त्रक्रिया झालेल्याचे पथ्य आयुष्याचे असते, आणि ‘कायमचं’ हा शब्द पहिल्यांदा मोठ्याने उच्चारताना अनेकांचा कंठ दाटून येतो. तो शब्द आधी घरी, विश्वासाच्या माणसापुढे उच्चारून पाहावा. त्याच माणसाला पहिल्या काही वेळा हॉटेलात सोबत न्यावे. दुसऱ्या आग्रहाच्या वेळी आपण बोलण्याऐवजी त्याने ‘त्यांना पथ्य आहे’ असे म्हटले, तर ते अधिक परिणामकारक ठरते. कारण स्वतःविषयीचा नकार ही भीड समजली जाते, दुसऱ्याने सांगितलेला नकार ही माहिती समजली जाते. पहिली भेट मेजवानीची नसावी. दुपारच्या निवांत वेळी चहा-नाश्त्याच्या हॉटेलातील एखादी हाफ प्लेट पुरे.

सोबत्यांचेही काही कर्तव्य आहे. आग्रह करावयाचा तर तो अन्नाचाच असला पाहिजे असे नाही. ‘अजून घ्या’ याऐवजी ‘अजून बसा’ म्हणता येते. ताटाकडे पाहून ‘एवढंच?’ असे विचारण्यापेक्षा, माणसाकडे पाहून ‘बरं वाटतंय ना?’ असे विचारता येते. आणि ज्याने ‘नको’ म्हटले त्याला, निदान एकदा, त्या शब्दाचा कोशातील अर्थ लागू करता येतो.

वाढणाऱ्याने म्हणावयाचे एक जुने वाक्य मराठीत आहे : ‘सावकाश होऊ द्या.’ आज ते उपचारापुरते उरले आहे. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला सर्वांत अधिक गरज असते ती याच सावकाशीची. त्याच्यासमोर हे वाक्य मनापासून म्हटले गेले आणि त्यानंतर पळी खाली ठेवली गेली, तर आग्रहाचा स्नेह कमी न होता त्याचे ओझे तेवढे उतरेल.